गाव आणि प्रभाग पातळीवर आत्महत्या प्रतिबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, नगरसेवक, बचत गट आणि गणेश मंडळांकडून वर्षभर येत असतात. शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत.

एक गोष्ट आधी. वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर खालचं सगळं नंतर वाचा. आत्ता १४४१६ (मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन) लावा. धोका अगदी जवळ असेल तर ११२ लावा, किंवा शेजारच्याला हाक मारा आणि त्याला सोबत बसवून घ्या.

१. हे काम आरोग्य खात्याचं. ग्रामपंचायतीचा त्यात काय संबंध?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. कारणांमध्ये ३१.७ टक्क्यांवर कौटुंबिक अडचणी होत्या आणि १८.४ टक्क्यांवर आजारपण. घरातली भांडणं, लांबलेलं दुखणं, तुटलेलं लग्न, थकलेला हप्ता. यातलं काहीही डॉक्टरला आधी कळत नाही. ते भावकीला, शेजाऱ्याला आणि पारावर बसणाऱ्यांना कळतं.

कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २९ आत्महत्या कमी करण्यासाठी कार्यक्रम आखण्याची जबाबदारी शासनावर टाकतं आणि कलम ३० जनजागृतीची. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आणलं. २०३० पर्यंत आत्महत्यांनी होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. उपचार आरोग्य खात्यानेच करायचे. माणूस तिथवर पोहोचेल हे पाहणं मात्र गावाच्या हातात आहे.

२. उघड बोललं तर ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात येईल ना?

नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं.

भीती अगदीच खोटी आहे असंही नाही, ती फक्त चुकीच्या जागी आहे. विचारणं सुरक्षित आहे. एखाद्या घटनेचं रसभरीत वर्णन करणं सुरक्षित नाही. त्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

३. १० सप्टेंबरला फेरी काढली, फ्लेक्स लावला. एवढं पुरे का?

जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन २००३ पासून पाळला जातो. फेरीला आमची हरकत नाही. पण फेरीतल्या दहा जणांना विचारा, "आत्ता तुमच्या भावाला मदत लागली तर कोणाकडे जाल?" उत्तर आलं नाही, तर झाली ती फक्त फेरी.

जागृती झाली हे कशावरून धरायचं? गावातल्या बहुतेकांना तीन गोष्टी माहीत झाल्या की. कोणाशी बोलायचं (गावातली दोन-तीन ठरलेली माणसं), कोणता नंबर लावायचा, आणि जवळचा मानसोपचार कुठे, कोणत्या वारी मिळतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी येतं. तो वार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि फलकावर लावा. "तज्ज्ञांचा सल्ला घ्या" असं छापण्यापेक्षा "दर अमुक वारी, ग्रामीण रुग्णालय, खोली क्रमांक अमुक, एसटी सकाळी इतक्या वाजता" हे छापलेलं कामाला येतं.

वेळाही गावाच्या ताणाप्रमाणे निवडा: मार्चमधली वसुली, पेरणीनंतर पावसाने दिलेली ओढ, दहावी-बारावीचे निकाल, दिवाळीच्या आसपास पडलेले भाव. सप्टेंबरपर्यंत थांबायची गरज नाही.

४. फलकावर कोणता हेल्पलाइन नंबर लिहायचा? आमच्याकडे सात-आठ नंबर आहेत.

एकच मोठा लिहा: १४४१६. हे टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६. खाली लहान अक्षरांत ११२ आणि मुलांसाठी १०९८.

सात-आठ नंबर लिहिले की माणूस एकही लावत नाही. जुन्या फलकांवरचे कित्येक नंबर तर बंद पडलेले असतात आणि अडचणीतल्या माणसाला "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असं ऐकू येणं फार वाईट. म्हणून छापण्याआधी सरपंचांनी स्वतः लावून पाहावा. पलीकडे काय विचारतात, किती वेळ लागतो हे कळतं आणि मग ग्रामसभेत खात्रीने सांगता येतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनाही निघण्याआधी हाच नंबर द्या. कर्नाटकात फडावर असले तरी तो चालतो आणि भाषा निवडता येते.

५. ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. मजकूर कसा असावा?

"आत्महत्यामुक्त गाव करण्याचा संकल्प" असले ठराव आमच्याकडे तपासायला येतात. ते टाळा. उद्या गावात घटना घडली तर तो ठराव त्या घरावर आरोप होऊन बसतो. ठरावात कामं लिहा. नमुना:

"ही ग्रामसभा ठरविते की, (१) गावातील तीन व्यक्तींना, त्यांपैकी किमान एक महिला, मानसिक आधारासाठी संपर्क व्यक्ती म्हणून नेमावे व त्यांचे प्रशिक्षण तालुका आरोग्य अधिकारी यांचेमार्फत करून घ्यावे. (२) टेली-मानस १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, रास्तभाव दुकान, दूध संकलन केंद्र व कृषी सेवा केंद्र येथे कायमस्वरूपी रंगवून घ्यावा. (३) उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांनी दर तिमाहीस कोणाचेही नाव न घेता कामाचा आढावा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे ठेवावा. (४) गावात दुर्घटना घडल्यास संबंधित कुटुंबाची भेट घेणे व शासकीय कागदपत्रांत मदत करणे याची जबाबदारी समितीची राहील."

आधी महिला ग्रामसभेत हा विषय काढा. तिथे जे बोललं जातं ते मुख्य सभेत कोणी बोलत नाही.

६. पैसे कोणत्या शीर्षातून टाकायचे?

यातल्या बऱ्याच कामांना पैसे लागतच नाहीत. रंग, छपाई, चहापाणी, प्रशिक्षणाचा प्रवासखर्च एवढंच. गाव विकास आराखड्यात "आरोग्यदायी गाव" हा विषय असतो, त्यात हे बसवा. वित्त आयोगाच्या अनुदानाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) हिस्सा, ग्रामनिधी किंवा आरोग्य समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मिळणारा छोटा अबंधित निधी यातून भागतं. आराखड्यात आधी कामाचं नाव असलं पाहिजे, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप येतो.

स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी मात्र जपून वापरा. दीर्घ मानसिक आजार ही दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार मान्य दिव्यांगता आहे. त्यामुळे प्रमाणपत्र असलेल्या रुग्णाला त्यातून मदत देता येते. सरसकट फ्लेक्ससाठी तो निधी नाही.

७. प्रशिक्षण कोणाला द्यायचं? सगळं आशाताईंवरच टाकतात.

बरोबर आहे आणि ते थांबलं पाहिजे. आशाताईंकडे लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सगळी सर्वेक्षणं आहेतच. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून चाललेल्या, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या प्रेरणा प्रकल्पातही घरोघरी जाऊन तणावाची विचारपूस त्यांच्याकडेच आली. त्यांना सोबत हवी.

ज्याच्याकडे लोक एरवीही मन मोकळं करतात, तो माणूस शोधा. पद असण्याची गरज नाही. केस कापणारा, दूध डेअरीवर फॅट लावणारा, कृषी सेवा केंद्राचा मालक, बचत गटाची अध्यक्ष, पोलीस पाटील, भजनी मंडळातले एखादे आप्पा. "गावात भांडण झालं की दोन्हीकडचे कोणाकडे जातात?" असं पाच घरांत विचारा. दोन नावं परत परत येतील. तीच तुमची माणसं. पुढाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण विरोधी गटातला माणूस तुमच्याकडे रडायला येणार नाही.

साध्या माणसांना शिकवून खरंच फरक पडतो का, असा पुढचा प्रश्न असतोच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गोव्याच्या 'संगथ' संस्थेने 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी मन उदास असणं म्हणजे काय हे लोकांना समजावलं, पहिला आधार दिला आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टरांकडे जोडून दिलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. नाशिक जिल्ह्यातल्या 'आत्मीयता' प्रकल्पातही गावातलेच स्त्री-पुरुष निवडून त्यांना असंच तयार केलं होतं. पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला गेला.

८. समोरचा म्हणाला, "आता जगण्यात राम नाही." त्या क्षणी काय बोलायचं?

पहिल्यांदा गप्प बसायचं. आपल्याकडे लगेच समजूत काढायची घाई असते. "असं बोलू नये", "पोरांकडे बघ", "लोक किती हालात जगतात" हे सगळं मायेपोटी येतं, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की इथे बोलायची सोय नाही.

समजा डेअरीवर सगळे गेल्यावर एक जण मागे रेंगाळलाय.

"काय दादा, आज निघायचं नाही का?"
"निघून तरी काय करायचं. माझ्यामागं कुणाचं अडत नाही."
"असं का वाटायला लागलं?"
(तो बोलतो. तुम्ही मध्ये तोडत नाही. मोबाइल खिशात.)
"दादा, सरळ विचारतो. जीव द्यायचा विचार येतो का मनात?"
"...येतो कधी कधी."
"बरं झालं सांगितलंस. आज एकटा जाऊ नको. मी येतो घरापर्यंत. वहिनींशी बोलू का मी, की आधी नंबर लावू या?"

शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. त्याला एकटं सोडलेलं नाही आणि पुढचं पाऊल त्याला विचारून ठरवलंय. कधी, कसं हे त्याने ठरवून ठेवलं असेल तर मात्र विचारत बसायचं नाही. घरातलं जबाबदार माणूस बोलवा, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत असं पाहा, ११२ लावा किंवा थेट रुग्णालयात न्या. "कुणाला सांगू नको" असं त्याने घेतलेलं वचन इथे पाळायचं नाही. "तुझा जीव वाचवायला जेवढ्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन" असं म्हणा आणि खरोखर तेवढ्यांनाच सांगा.

दुसऱ्या दिवशी परत जा. हे सगळ्यात जास्त राहून जातं.

९. प्रयत्न करून वाचलेल्यावर पोलीस केस होते. म्हणून लोक दवाखान्यात नेत नाहीत. काय सांगायचं?

हे दवंडी पिटून सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या भारतीय दंड संहितेतल्या, प्रयत्नालाच गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. अपवाद एकच, तो प्रश्न १८ मध्ये आहे.

रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं, जबाब होतो. ती नोंद आहे, गुन्हा नव्हे. छळ करणाऱ्या किंवा प्रवृत्त करणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो, तो विषय वेगळा. नातेवाइकांना एवढंच बजावा: वेळ घालवू नका, डॉक्टरांना खरं काय ते सांगा. "चुकून झालं" म्हणून लपवलं की उपचारही चुकतात.

१०. फ्लेक्सवर, भाषणात, व्हॉट्सॲप ग्रुपवर काय टाळायचं?

दोर, बाटली, कडा, अंधारात गुडघ्यांत डोकं घातलेला माणूस: ही चित्रं नकोत. मार्गाचा उल्लेख नको, चिठ्ठीतला मजकूर नको, एकच कारण ठोकून देणं नको ("मार्क कमी पडले म्हणून"). "शहीद" नको आणि "भ्याड" पण नको. मृताचा फोटो जनजागृतीच्या फ्लेक्सवर तर मुळीच नको, घरच्यांची परवानगी असली तरी.

चित्र हवंच असेल तर दोन माणसं पारावर बोलत बसलेली दाखवा. भाषणात वाचलेल्या आणि पुढे नीट जगणाऱ्या माणसांबद्दल बोला. पत्रकारांसाठी भारतीय पत्रकार परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. तालुक्याच्या बातमीदारांना आणि गावातल्या यूट्यूब चॅनेलवाल्यांना ती आठवण करून द्यायला सरपंचांनी लाजू नये. ग्रुपवर घटनास्थळाचा फोटो आला तर ॲडमिनने तो लगेच काढावा. जाहीर वाद घालू नये, वादाने फोटो आणखी फिरतो.

११. आमच्या गावात मागच्या आठवड्यात घटना घडली. आता लगेच जनजागृतीचा कार्यक्रम घ्यावा का?

नाही. लगेच स्टेज, माईक, पाहुणे नकोत. त्या घरच्यांना तो आपल्यावरचा पंचनामा वाटतो आणि जे आधीच काठावर आहेत त्यांच्यासाठी त्या घटनेची चर्चा वाढते. पहिल्या महिन्यातलं काम शांतपणे करायचं असतं.

दहाव्या-तेराव्यापर्यंत माणसांचा राबता असतो. खरी पोकळी नंतर येते. समितीतल्या कोणीतरी पंधराव्या दिवशी, महिन्याने, दोन महिन्यांनी जायला हवं. काही विशेष बोलायला नको. सातबारावर वारस नोंद, बँकेचा कागद, मुलांची फी, असं कामाचं निमित्त चांगलं. "कसं कळलं नाही तुम्हाला?" हा प्रश्न त्या घरात कोणीही विचारायचा नाही. तो ते स्वतःला दिवसरात्र विचारतच असतात.

मग वर्तुळ मोठं करा. मृताचे जवळचे मित्र, वर्गातली मुलं, त्याच्यासारखीच अडचण असलेली घरं, ज्याने आधी पाहिलं तो माणूस. यांच्याशी एकेकट्याने बोला. शाळेतला मुलगा असेल तर मुख्याध्यापकांनी वर्गात थोडक्यात आणि खरं सांगावं, अफवा थांबतात.

मागे राहिलेल्या बाईचं काय, हे गावाने ठरवायचं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं ज्या गावात थांबलं, तिथे नवऱ्याच्या आत्महत्येनंतर बायकोच्या डोक्यावर येणारा दोष थोडा तरी हलका होतो असं आम्हाला वाटतं. हा ठराव तुमच्या गावात अजून झाला नसेल, तर प्रश्न ५ मधल्या ठरावासोबतच घ्या.

मोठा कार्यक्रम दोन-तीन महिन्यांनी घ्या, त्या घराला आधी सांगून आणि त्या घटनेचा उल्लेख टाळून.

१२. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला काय मिळतं? ग्रामपंचायतीने काय करायचं?

राज्य शासनाची मदत एक लाख रुपयांची आहे: ३०,००० तातडीने आणि ७०,००० वारसाच्या नावे ठेव म्हणून. त्यासाठी कुटुंबाकडे शेतजमीन, नापिकी किंवा कर्जाचा बोजा आणि परतफेडीचा तगादा या गोष्टी तपासल्या जातात. तहसीलदारांचा अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पात्र की अपात्र ठरवते. कितीतरी प्रकरणं कागदाअभावी अडकतात. सातबारा, आठ-अ, बँक किंवा सोसायटीचा थकबाकी दाखला, शवविच्छेदन अहवाल, वारसांची कागदपत्रं गोळा करायला ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यांनी मदत केली, तर त्या घराच्या तालुक्याच्या खेपा वाचतात.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत आत्महत्या बसत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करून आशा लावू नका. संजय गांधी निराधार योजनेबद्दल मात्र तहसीलमध्ये जरूर विचारा.

"मदत मिळते म्हणून लोक जीव देतात" हे वाक्य चावडीवर ऐकू येतं. लाखभर रुपयांसाठी, तेही समितीने पात्र ठरवलं तर मिळणाऱ्या, कोणी संसार टाकून जात नाही.

१३. सगळं लक्ष शेतकऱ्यांकडेच. बाकीच्यांचं काय?

आकडे पाहा. २०२२ मध्ये देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० आत्महत्या होत्या, म्हणजे एकूण आत्महत्यांच्या साधारण ६.६ टक्के. त्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा, म्हणून आपल्याकडे विषय त्यांच्यापासून सुरू होतो आणि व्हायलाही हवा. पण २६ टक्क्यांहून जास्त रोजंदारीवर काम करणारे होते आणि जवळपास १५ टक्के गृहिणी. शेतात राबणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई नोंदीत बहुधा गृहिणीच ठरते.

म्हणून कार्यक्रम फक्त सोसायटीच्या सभेत न घेता बचत गटाच्या बैठकीत, वीटभट्टीवर, म्हाताऱ्यांच्या विठ्ठल मंदिरातही घ्या. दारूचा प्रश्न जोडीला येणारच. व्यसनमुक्तीसाठी तालुक्यात कुठे पाठवायचं तेही प्रश्न ३ मधल्या फलकावर लिहा.

१४. फवारणीच्या औषधांबाबत ग्रामपंचायत काय करू शकते?

औषध सहज हाताशी नसणं, याने जीव वाचतात. टोकाची ऊर्मी बहुतेक वेळा काही काळाने ओसरते, तेवढा वेळ मिळायला हवा. श्रीलंकेने जास्त घातक औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. बंदीचा अधिकार अर्थात सरकारचा.

घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटायची कल्पना अनेक जण सुचवतात. श्रीलंकेतच १८० गावांत ती मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आणि आत्महत्यांच्या प्रयत्नांत फरक दिसला नाही. आमचं मत असं, की पेट्यांवर पैसा घालू नका. गरजेपुरतंच औषध विकत घ्या, उरलेलं घरात नको, कृषी सेवा केंद्राने अस्वस्थ, प्यायलेल्या किंवा ओळख नसलेल्या माणसाला उधारीवर देऊ नये, एवढं ठरवा. दुकानदाराला प्रश्न ७ मधल्या प्रशिक्षणात आधी बसवा.

१५. आम्ही नगरपालिकेत आहोत. गावासारखं पारावर बोलणं इथे होत नाही. काय वेगळं करायचं?

प्रभागात लोक एकमेकांना ओळखत नाहीत, पण पालिकेची माणसं रोज दारात येतात. घंटागाडीच्या भोंग्यावर कचरा वर्गीकरणाच्या गाण्याआधी वीस सेकंद १४४१६ सांगता येतं. 'आपला दवाखाना', नागरी आरोग्य केंद्र, वाचनालय, अभ्यासिका, पाणीपट्टीच्या बिलाची मागची बाजू, या सगळ्या जागा तुमच्याच आहेत. धोक्याच्या ठिकाणी कठडा, जाळी, दिवे लावणं हेही पालिकेचंच बांधकाम खातं करतं. तिथे नंबरचा फलक लावा, ठिकाणाची बातमी करू नका. सफाई कामगारांना फक्त प्रचारक समजू नका. त्यांच्यातही ताण आणि व्यसन आहे. पहिली बैठक त्यांच्यासाठीच घ्या.

क्लासेस आणि वसतिगृहं तुमच्या हद्दीत असतील तर २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ, हेल्पलाइन ठळक लावणं, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असे निर्देश त्यात आहेत. परवाने तपासताना हे विचारायला कोणी अडवलेलं नाही.

१६. तणावग्रस्तांची यादी करून ग्रामपंचायतीत ठेवायला सांगितलंय. ठेवावी का?

फलकावर किंवा दप्तरात, जिथे कोणीही उघडून पाहील अशी, नाही. मानसिक आजाराबाबत गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. यादी हवी असेल तर ती उपकेंद्रात, आरोग्य कर्मचाऱ्यांकडे. ग्रामपंचायतीला फक्त संख्या. गावात "यादीतला" असा शिक्का बसला की माणूस उपचार सोडतो आणि पुढच्या वर्षी मुलीचं स्थळ मोडलं म्हणून घरचे भांडायला येतात ते वेगळंच.

देवऋषीकडे जाणाऱ्यांबद्दलही इथेच सांगतो. मारहाण, साखळदंड, उपचारांपासून रोखणं याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरा. नुसती श्रद्धा असेल तर वाद घालू नका. गुजरातमध्ये मीरा दातारच्या दर्ग्यावर दुआसोबत (प्रार्थनेसोबत) दवाही देण्याचा उपक्रम चालला. "देवाचं करा, गोळीही घ्या" हे लोक ऐकतात.

१७. कार्यक्रमाचा उपयोग झाला हे वरिष्ठांना कसं दाखवायचं?

"वर्षभरात शून्य आत्महत्या" हे यश म्हणून लिहू नका. २,००० लोकवस्तीचं गाव धरा. राज्याचं प्रमाण लाखामागे साधारण १८, म्हणजे त्या गावात काहीही न करतासुद्धा तीन वर्षांतून एखादी घटना. एक वर्ष शून्य आलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि एक घडली तर तुम्ही अपयशी ठरत नाही. शून्याचा आग्रह धरला की घटना "विहिरीत पाय घसरला" म्हणून नोंदवायचा मोह होतो.

त्याऐवजी हे मोजा: अचानक विचारल्यावर १४४१६ सांगू शकणारी घरं किती, संपर्क व्यक्तींकडे आलेली माणसं किती (फक्त आकडा), रुग्णालयापर्यंत पोहोचलेली किती, दुसऱ्या भेटीला परत गेलेली किती. शेवटचा आकडा सगळ्यात लहान येतो. तोच वाढवण्यावर पुढचं वर्ष घाला.

१८. घरकुलाच्या यादीत नाव नाही म्हणून एक जण कार्यालयात येऊन "जीव देतो" म्हणतो. ही धमकी की खरा धोका? पोलिसांना बोलवावं का?

भारतीय न्याय संहितेचं कलम २२६ इथे लागू होऊ शकतं: सरकारी नोकराला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. पण ते प्रयत्नाला आहे, रागाने बोललेल्या वाक्याला नाही. कलमाचा बोर्ड कार्यालयात लावलेला आम्ही पाहिलाय, तो काढून टाका.

धमकी की खरं, हे ठरवायची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. त्यामुळे खरं धरूनच वागा: खुर्ची द्या, पाणी द्या, गर्दी बाहेर काढा, कोणालाही चित्रीकरण करू देऊ नका. त्याच्या हातात काही असेल तर झटापट न करता ११२ लावा. एरवी घरातलं माणूस आणि संपर्क व्यक्ती बोलवा, प्रश्न ८ प्रमाणे बोला.

घरकुलाचा विषय त्यापासून वेगळा ठेवा. "नाव घालतो, पण असं करू नको" असं खोटं आश्वासन देऊ नका. यादीत नाव का नाही, अपील कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर लिहून द्या आणि अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. आठवड्याने फोन करून अर्ज कुठवर गेला ते सांगा, नाकारला गेला असेल तरीही.